रग्बीचा स्क्रम : 'नंतर' म्हणजे 'मुळे' नव्हे

पीएच.डी.च्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, की एखादा नियम बदलल्यावर जे घडलं ते त्या नियमामुळेच घडलं, हे कसं ठरवायचं? प्रश्न आरोग्य धोरणाचा असो, वाहतुकीचा असो किंवा शिक्षणाचा, अडचण तीच असते. आज तो समजून घ्यायला आपण रग्बीकडे जाऊ. तिथे नियमबदलाच्या तारखा स्वच्छ नोंदलेल्या आहेत आणि पणाला लागलंय ते खेळाडूंच्या मानेचं हाड.

आधी स्क्रम म्हणजे काय ते पाहू. चेंडू हातातून पुढे निसटला किंवा पुढे पास दिला गेला, अशा लहान चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करण्याची ही पद्धत. दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड तीन रांगांत एकमेकांना घट्ट धरून वाकतात आणि समोरासमोर भिडतात. पुढच्या रांगेत दोन प्रॉप आणि त्यांच्यामध्ये हूकर. मधल्या बोगद्यात चेंडू टाकला की हूकरने तो पायाने मागे ओढायचा. आठ जणांचा सगळा जोर शेवटी या पुढच्या तिघांच्या खांद्यांतून आणि मानेतून जातो. स्क्रम कोसळला, तर धोका सर्वाधिक त्यांनाच.

नियमाने खेळाचा आकारच कसा बदलतो, याचं जुनं उदाहरण न्यूझीलंडचं. त्यांच्या स्क्रममध्ये सातच जण असायचे, 2-3-2 अशा रचनेत. आठवा बाहेर उभा राहून चेंडू आत टाकायचा आणि मग समोरच्यांच्या वाटेत यायचा. ब्रिटिशांना ही सरळसरळ अडवणूक वाटे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला पुढच्या रांगेत तीन खेळाडू बंधनकारक झाले आणि ती रचना संपली. 1937 मध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडमध्ये येऊन मालिका 2-1 ने जिंकली, तेव्हा तिच्या स्क्रमपुढे यजमानांची दमछाक झाली होती. नियम बदलायला एक बैठक पुरते, अंगात मुरलेलं कौशल्य बदलायला वर्षं लागतात.

आता मुद्द्याचा काळ. खेळ व्यावसायिक झाला, खेळाडू वजनदार झाले आणि स्क्रममध्ये 'भिडण्याचा क्षण' हेच शस्त्र बनलं. जो संघ आधी आणि जोरात आदळेल, त्याचं पारडं जड. म्हणून 2007 मध्ये पंचाचे चार इशारे आले : क्राउच, टच, पॉज, एंगेज. वाका, समोरच्याच्या खांद्याला हात लावून अंतर मोजा, थांबा, मग भिडा. उद्देश अंतर कमी करण्याचा होता. पण हात लावून तो परत घ्यायचा असल्यामुळे दोन्ही संघ ताणलेल्या धनुष्यासारखे थांबायचे आणि शेवटच्या शब्दावर एकमेकांवर तुटून पडायचे. आदळणं काही संपलं नाही.

ते किती जोराचं होतं, हे बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं. आंतरराष्ट्रीय पुरुष संघांची स्क्रम-मशीनवरची सर्वोच्च धडक सरासरी सुमारे 16.5 किलोन्यूटन भरली, म्हणजे साधारण 1,700 किलो वजनाइतका भार. धडकेनंतर टिकून राहणारा जोर मात्र जवळजवळ निम्मा, 8.3 किलोन्यूटन. म्हणजे खरा प्रश्न ढकलण्याचा नव्हता, पहिल्या क्षणाचा होता. मग पर्यायी इशाऱ्यांची तुलना झाली. भिडण्याआधीच प्रॉपनी समोरच्याची जर्सी धरून ठेवली, तर धडकेचा जोर सुमारे 25 टक्क्यांपर्यंत कमी होतो, असं दिसलं. 2013 मध्ये क्राउच, बाइंड, सेट हा क्रम आला. आधी मोजमाप, मग नियम : धोरण-संशोधनात असा योग दुर्मीळ असतो.

आता एक कोडं सोडवा. न्यूझीलंडमध्ये 2001 पासून 'रग्बीस्मार्ट' या कार्यक्रमाखाली सगळ्या प्रशिक्षकांना आणि पंचांना दरवर्षी सुरक्षिततेचं सक्तीचं प्रशिक्षण देऊ लागले. 2007 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशेब आला. आधीच्या दरानुसार 2001 ते 2005 या काळात मणक्याच्या सुमारे 19 गंभीर दुखापती अपेक्षित होत्या, झाल्या 8. त्यांतही स्क्रममधल्या 9 अपेक्षित असताना झाली फक्त 1.

तारखा नीट बघा. ही घट चार इशाऱ्यांच्या नियमाच्या आधीची आहे. समजा तुम्ही फक्त '1990 चं दशक' आणि '2010 चं दशक' असे दोन गठ्ठे करून सरासरी काढली असती, तर सगळं श्रेय नियमांच्या पुस्तकाला देऊन मोकळे झाला असता. प्रशिक्षण तुमच्या आलेखात दिसलंच नसतं.

मग श्रेय प्रशिक्षणाला द्यायचं का? इथेही सावध. देशभर एकाच वेळी लागू झालेल्या कार्यक्रमाला कंट्रोल ग्रुप कुठून आणणार? संशोधकांनी आतलीच तुलना वापरली. स्क्रममध्ये घट प्रचंड, पण टॅकल वगैरे इतर प्रसंगांत ती इतकी ठळक नाही. लोकांनी रग्बीच कमी खेळली असती, तर घट सगळीकडे सारखी दिसली असती. हा पुरावा निर्णायक नाही, पण भक्कम आहे. कंट्रोल ग्रुप नसेल, तर 'कुठे बदल दिसायला नको होता?' हा प्रश्न विचारा.

दुसरा धडा अनपेक्षित परिणामांचा. धडक कमी झाली, तसा ढकलण्याला भाव आला. हूकरने एक पाय उचलला की जोर कमी पडतो, म्हणून चेंडू ओढण्याऐवजी समोरच्यांना रेटून पेनल्टी मिळवणं फायद्याचं ठरू लागलं. म्हणून 2017 च्या बदलांत चेंडू टाकणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेतल्या एकाने तो पायाने ओढलाच पाहिजे, असं लिहावं लागलं. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून झिरपतं, तसंच हे.

ताजं उदाहरण घरी करून बघा. 2023 च्या विश्वचषक उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या डॅमियन विलेम्सेने स्वतःच्या गोलरेषेजवळ 'मार्क' मागून फ्री किक मिळवली आणि चक्क स्क्रम निवडला. सामना त्यांनी 29-28 असा जिंकला. जुलै 2024 पासून फ्री किकवर स्क्रम निवडण्याची मुभाच काढून घेण्यात आली. पहिल्या घटनेमुळे दुसरी घडली, असं लिहायला हात शिवशिवेल. पण ते वाक्य सिनॉप्सिसमध्ये जाण्याआधी कोणता पुरावा हवा, आणि कोणता पुरावा मिळाला तर ते खोडावं लागेल, याची यादी करा. ती यादी म्हणजेच तुमच्या रिसर्च डिझाइनचा पहिला कच्चा आराखडा.