चौकट नेमकी कुठे असते?

छायाचित्राची चौकट कागदाच्या कडेशीच असते, असे आपण गृहीत धरतो. स्टिरिओस्कोपमधून पाहायच्या जोडचित्रांत मात्र ती कागदावर राहत नाही. डाव्या व उजव्या डोळ्यांसाठीच्या दोन्ही चित्रांना आपापल्या कडा असतात. दोन चित्रांतील झाडे जुळवून आपली नजर जसे एक घनाकार झाड उभे करते, तशाच या दोन चौकटीही ती जुळवते, आणि त्यांची एकच चौकट अवकाशात काही अंतरावर तरंगू लागते. जाणकार तिला 'स्टिरिओ विंडो' म्हणतात; आम्ही नुसते 'खिडकी' म्हणू. १४३५ मध्ये आल्बेर्तीने चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली होती. चार शतकांनी ती उपमा अक्षरशः खरी ठरली.

चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आपला आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला, तेव्हा छायाचित्रणाची कला जाहीरही झाली नव्हती; त्याचे काम साध्या रेखाकृतींवर चालले. ब्रूस्टरचे भिंगांचे उपकरण १८५१ च्या लंडन प्रदर्शनात गाजले आणि जोडचित्रे घरोघरी गेली. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. कात्रीचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

वाचकांनी एक प्रयोग करावा. खऱ्या खिडकीपासून दोन पावले मागे उभे राहून एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. खिडकीच्या डाव्या कडेलगत उजव्या डोळ्याला बाहेरच्या दृश्याची जी पट्टी दिसते, ती डाव्या डोळ्याला दिसत नाही. उजव्या कडेलगत नेमके उलट घडते. जोडचित्रे चिकटवणारा कारागीर हेच हाताने साधत असे. जोडभिंगांच्या कॅमेऱ्यात दोन्ही प्रतिमा उलट्या पडत, म्हणून छापल्यावर त्या कापून त्यांची डावी-उजवी अदलाबदल करावी लागे. ती चुकली तर दूरचे जवळ आणि जवळचे दूर दिसे. त्याच वेळी तो डाव्या चित्राची डावी आणि उजव्या चित्राची उजवी कड किंचित अधिक छाटी. एवढ्याने खिडकी प्रेक्षकाच्या जवळ सरके व सारे दृश्य तिच्या पलीकडे जाई. छाटणी कमी पडली, तर अलीकडे आलेला एखादा माणूस पलीकडच्या चौकटीने कापला गेल्यासारखा दिसतो. खोली सांगते, तो पुढे आहे. कड सांगते, तो मागे आहे. डोळे शिणतात ते या विसंवादाने.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात पाठचिकित्सेची आठवण व्हावी. दोन पोथ्यांत बहुतेक मजकूर समान असतो, पण संपादकाला वाट दाखवतात ते पाठभेद. इथेही तसेच आहे: जी पट्टी एकाच चित्रात आहे, तीच खिडकीची जागा पक्की करते. आणि नेमकी तीच आपण गमावत आहोत. ग्रंथांत व संगणकावर जुनी जोडचित्रे देताना पुष्कळदा एकच बाजू छापतात, किंवा 'नीटनेटकेपणा'साठी दोन्हींच्या कडा सारख्या करतात. पोथीचा समास कापून टाकणाऱ्या बाइंडरला आपण क्षमा करत नाही. इथे मात्र कोणाला काही वाटत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. जेम्स रिकाल्टन या अमेरिकन शिक्षकाने टिपलेली भारताची जोडचित्रे अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीने १९०७ मध्ये ग्रंथासह विकली. सोबतच्या नकाशांवर प्रेक्षक कुठे उभा आहे आणि त्याला कुठवर दिसते, हे रेषांनी दाखवलेले असे. तुम्ही तिथे प्रत्यक्ष उभे आहात, असे आश्वासन त्यात होते. पण डोळ्यांपुढे येणारी ती खिडकी प्रेक्षकाला रस्त्यावर उतरू देत नाही; त्याला घरात ठेवून हिंदुस्थान बाहेर ठेवते. रिकाल्टनच्या चित्रांतील वासाहतिक दृष्टीविषयी लिहिताना आपण माणसांचे पोशाख आणि मुद्रा वाचतो. प्रेक्षक आणि ती माणसे यांच्यामधली ही कड वाचायची, तर दोन्ही चित्रे हवीत, आणि तीही न छाटलेली.