मागच्या बाकावरील एक ठराव



महाडचे नाव घेताच २० मार्च १९२७ हा दिवस आणि चवदार तळ्यातील डॉ. आंबेडकरांची ओंजळ आठवते. ते योग्यच होय. परंतु त्या ओंजळीमागे कायदे कौन्सिलातील एका साध्या सभासदाचा ठराव होता. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

रावबहादुर सीताराम केशव बोले हे मुंबईच्या कामगार हितवर्धक सभेतले कार्यकर्ते. कौन्सिलात ते मंत्री नव्हते. हाती एखादे खातेही नव्हते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय. जेथे सर्वांचा पैसा तेथे सर्वांचा हक्क, हे त्यामागील तत्त्व. सप्टेंबरात सरकारने त्याप्रमाणे आदेश काढले आणि १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला.

कागद झाला, पाणी मात्र मिळेना. पोलादपूरच्या डोंगरपट्टीतून किंवा जवळच्या खेड्यांतून महाडच्या बाजारास आलेल्या अस्पृश्याला तळे नुसते पाहावयाचे होते. शिफारशीला दात नसतात, हे बोले यांनी ओळखले. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी पुन्हा ठराव मांडला : जी नगरपालिका हे अमलात आणणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करावे.

पुढे परिषद भरली, लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि त्यांनी मारही खाल्ला. नगरपालिका कचरली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बरोबर चार वर्षांनी, तिने आपला ठराव मागे घेतला! प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला.

ठरावाने तळे उघडले नाही. ते उघडले माणसांच्या पावलांनी. पण आपण मागतो ते हक्काचे आहे, असे त्या माणसांना छातीठोकपणे म्हणता आले, ते त्या ठरावामुळे. म्हणून लोकप्रतिनिधीने कोणत्या बाजूला मत दिले, एवढेच पाहून थांबू नये. संमत झालेला ठराव धूळ खात पडला, तेव्हा तो पुन्हा उठून उभा राहिला काय, हेही विचारावे. बोले उभे राहिले होते.