हैदराबादची कोठी : रेसिडेंटच्या वाड्यापासून मुलींच्या विद्यालयापर्यंत

हैदराबादेत 'कोठी' म्हटले की 'कोणाची कोठी?' असे कोणी विचारीत नाही. सिटी बसच्या पाटीवर तेवढाच शब्द असतो. जुन्या पुस्तकांची दुकाने, कापडबाजार, बँका, दवाखाने अशा गजबजाटात रोज हजारो माणसे या नावाने उतरतात. ज्या इमारतीवरून हे नाव पडले ती मात्र आवारभिंतीच्या आत, झाडीत उभी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटचा हा वाडा १९४९ पासून मुलींच्या उच्च शिक्षणाचे घर आहे. प्रस्तुत लेखात या वास्तूचा इतिहास थोडक्यात मांडून एक मुद्दा वाचकांपुढे ठेवायचा आहे : ही इमारत आज उभी आहे याचे बरेचसे श्रेय तिच्यात शिकलेल्या मुलींकडे जाते, आणि जीर्णोद्धारानंतर तिची कथा सांगताना नेमका त्यांचाच विसर पडण्याचा संभव आहे.

खर्ड्यापासून कोठीपर्यंत

मराठी वाचकाला ही कथा खर्ड्यापासून सांगणे सोयीचे. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजाम अली खान, आसफजाह दुसरे यांचा पराभव केला. तहानुसार त्यांचे दिवाण अरस्तू जाह यांना ओलीस म्हणून पुण्यास राहावे लागले. या लढाईत इंग्रज तटस्थ राहिले होते. त्यामुळे निजामांची भिस्त रेमंड या फ्रेंच सेनानीच्या पलटणींवर वाढली. परंतु मार्च १७९८ मध्ये रेमंड मरण पावला, सप्टेंबरमध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेंच पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. या साऱ्या घडामोडींत कंपनीच्या बाजूने पुढे होता तो जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. फारसीचा जाणकार, मोगलाई पोशाखात वावरणारा हा रेसिडेंट दरबारात 'हशमत जंग' या किताबाने ओळखला जाई.

मुसी नदीच्या उत्तर तीरावर त्याला नवे निवासस्थान बांधायचे होते. त्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. मागितलेल्या जागेचा मोठा नकाशा पाहून निजामांनी साफ नकार दिला. तेव्हा एका जाणत्या दरबाऱ्याने सुचविले की, हुजूरांना त्यांच्या राज्याचा नकाशाही एवढ्याच कागदावर दाखविला जातो. तुमचा कागद लहान करा. पुढच्या वेळी तोच आराखडा छोट्याशा कागदावर काढून नेला आणि मंजुरी मिळाली. गोष्ट खरी असो वा रचलेली, तीत एक सत्य आहे. कागद लहान होता. मागणी लहान नव्हती.

मद्रास इंजिनिअर्सचा तरुण अधिकारी सॅम्युएल रसेल याने आराखडा केला. १८०३ च्या सुमारास काम सुरू झाले आणि खर्च निजामांच्या खजिन्यातून झाला. उत्तरेकडे सहा उंच स्तंभांची देवडी, रुंद पायऱ्या, त्यांच्या दोन्ही अंगांस सिंह, वर त्रिकोणी माथ्यावर कंपनीचे राजचिन्ह. आत दुमजली उंचीचा दरबार हॉल, त्यात झुंबरे आणि आरसे. बाहेरून पाहणाऱ्यास हे युरोपातील एखाद्या उमरावाचे घर वाटावे. तथापि बांधणारे हात इथलेच होते.

खैरुन्निसा बेगम

या वाड्याचे नाव निघाले की खैरुन्निसा बेगमचा उल्लेख येतोच. मीर आलम यांच्या घराण्याशी नाते असलेल्या या मुलीशी कर्कपॅट्रिकचा १८०० च्या सुमारास इस्लामी रीतीने निकाह झाला. विवाहाचा गवगवा कलकत्त्यापर्यंत पोहोचला आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीने चौकशी लावली. वाड्याच्या मागील बाजूस बेगमसाठी रंगमहाल बांधण्यात आला. बेगम पर्दानशीन असल्याने तिला मुख्य इमारत समोरून पाहता येईना, म्हणून कर्कपॅट्रिकने बागेत तिची छोटी प्रतिकृती करून दिली, अशी आख्यायिका आहे.

आख्यायिका गोड आहे. इतिहास तसा नाही. १८०५ मध्ये साहिब आलम व साहिब बेगम ही दोन्ही मुले इंग्लंडला पाठविण्यात आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्कपॅट्रिक कलकत्त्यात मरण पावला. आईला मुले पुन्हा कधी दिसली नाहीत. पुढे काही काळ तिला हैदराबादेत परतण्याचीही मुभा नव्हती. तिला मछलीपट्टणला राहावे लागले. १८१३ मध्ये, तिशीही गाठण्यापूर्वी, तिचा इंतकाल झाला. मुलगी कॅथरीन ऊर्फ किटी मोठी झाल्यावर हैदराबादेतील आजीशी तिचा पत्रव्यवहार जुळला, पण भेट झाली नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विल्यम डॅलरिम्पल यांच्या 'व्हाइट मुघल्स' या ग्रंथामुळे ही हकीकत जगभर पोहोचली. रंगमहाल मात्र त्याआधी कितीतरी वर्षांपूर्वीच पाडला गेला होता. ज्या बाईमुळे वाडा प्रसिद्ध झाला, तिचे स्वतःचे घर त्या आवारात उरले नाही.

वऱ्हाडचा करार आणि १८५७

प्रेमकथेच्या प्रकाशात या वास्तूचे खरे काम झाकले जाऊ नये. हे राजकीय सत्तेचे घर होते. फौजेच्या खर्चाची थकबाकी दाखवून १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख आणि रायचूर दोआब निजामांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या वेळी कर्नल लो हे रेसिडेंट होते. अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याने ही कोठी कधी पाहिली नसेल. परंतु त्याचा सारा कोणाच्या तिजोरीत जावा, हे या कोठीच्या दबावाने ठरले. १९०२ मध्ये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला.

या दबावाविरुद्धचा रोषही याच भिंतींवर आदळला. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ५०० लोकांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. दिवाण सालारजंग यांनी रेसिडेंटला आधीच सावध केले होते. तोफांपुढे हल्ला टिकला नाही. तुर्रेबाज खान पुढे मारले गेले, मौलवींना अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. इंग्रजांना दिलेल्या साथीबद्दल १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूरचा मुलूख निजामांना परत मिळाला. वऱ्हाड मिळाला नाही.

कोठीभोवतीचा बाजार इंग्रजांच्या अंमलाखाली होता. संस्थानातील सभा-संस्थांवरची बंधने तिथे तितकीशी जाचत नसल्याने अनेक संस्थांनी या परिसरात मूळ धरले. १९०१ चे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम हे तेलुगू ग्रंथालय त्यातलेच. मराठी मंडळींची विवेकवर्धिनी (१९०७) आणि मराठी ग्रंथसंग्रहालय (१९२२) यांचा वावरही कोठीच्या आसपासच राहिला. १९३३ मध्ये हा बाजार निजामांकडे परत आला व सुलतान बाजार या नावाने ओळखला जाऊ लागला.

मुलींचे विद्यालय

१९४७ मध्ये इंग्रज गेले आणि वाडा रिकामा झाला. उस्मानिया विद्यापीठाचे मुलींचे महाविद्यालय १९२४ पासून चालू होते. १९४९ मध्ये ते इथे आले. पोलिस कारवाईला जेमतेम वर्ष झाले होते. १९१८ पासून उर्दूतून उच्च शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठात आता उर्दूची जागा इंग्रजी घेत होती. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते आणि औरंगाबादला विद्यापीठ निघायला १९५८ साल उजाडले. तोवर मराठवाड्यातील पदवीची वाट उस्मानियाकडेच जात असे.

आमच्या मोठ्या फुफी त्या काळात नांदेडहून येऊन या महाविद्यालयात शिकल्या. त्यांना कर्कपॅट्रिकचे नाव ठाऊक नव्हते. आठवण सांगत त्या पायऱ्यांची. उर्दू शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजीत काहीच उमगत नसे. पहिले काही महिने त्या सिंहाशेजारी बसून शब्दकोश उघडत. "सिंहाला काय, त्यालाही इंग्रजी येत नसेल," असे त्या हसून म्हणत. त्या शिकल्या, पुढे त्यांनी शिकविले. कोठीच्या इतिहासात हे पान माझ्या दृष्टीने १८५३ च्या तहाइतकेच मोलाचे आहे.

जीर्णोद्धार आणि पुढे

वापरामुळे इमारत झिजते, हे खरे. छत गळू लागले, लाकूड कुजले, गिलावा सुटला. अखेर वर्ग आवारातील इतर इमारतींत हलवावे लागले. २००२ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत हिचा समावेश केला आणि पुढे टप्प्याटप्प्याने दुरुस्ती झाली. अशा कामात चुन्याला चुनाच लागतो. जुन्या भिंतीवर सिमेंट थापले की आतला ओलावा बाहेर पडत नाही आणि भिंत आतून खचते. म्हणून काम सावकाश होते आणि खर्चाचेही.

पण झीज ही नाण्याची एक बाजू. हैदराबादेतील कितीतरी देवड्या मालकाविना ओस पडल्या आणि नंतर पाडल्या गेल्या. कोठी वाचली, कारण तिच्यात रोज कोणीतरी येत होते, तिथे हजेरी घेतली जात होती, गळके छत पाहून कोणीतरी तक्रार करीत होते. २०२२ मध्ये महाविद्यालयाचे महिला विद्यापीठ झाले आणि २०२४ मध्ये त्याला तेलंगणाच्या शेतकरी लढ्यातील वीरांगना चाकली ऐलम्मा यांचे नाव देण्याचा निर्णय झाला. जमीनदाराशी झुंजलेल्या परीट समाजातील बाईचे नाव रेसिडेंटच्या वाड्याला लागावे, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

आता प्रश्न उरतो तो या वास्तूची कथा कशी सांगायची याचा. झुंबरे आणि प्रेमकथा सांगितली जाईलच. त्यासोबत वऱ्हाडचा तह, तुर्रेबाज खानांचा हल्ला आणि १९४९ पासूनच्या विद्यार्थिनींची हजेरीपुस्तके हीदेखील दाखविली जावीत. त्या काळच्या विद्यार्थिनी आज नव्वदीच्या घरात आहेत. अनेक अल्लाहला प्याऱ्या झाल्या. ज्या हयात आहेत त्यांच्या आठवणी उर्दू, मराठी, तेलुगू, ज्या भाषेत त्या सांगतील त्या भाषेत नोंदवून घेणे हे आपल्यासारख्या शिक्षण संस्थांना सहज करता येण्यासारखे काम आहे. पडलेला गिलावा पुन्हा चढविता येतो. गेलेली आठवण परत आणता येत नाही. आमच्या फुफींच्या आठवणी मी वेळेवर लिहून घेतल्या नाहीत. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी कोणी आजी असेल, तर त्यांनी आजच वही घेऊन तिच्याजवळ बसावे.