टँक
टँक : मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द. पाणी किंवा तेल साठवण्याची मोठी टाकी, मोटारीची इंधनटाकी आणि रणगाडा हे त्याचे मुख्य अर्थ. भारतीय इंग्रजीत तो तलावालाही लावतात. व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो पोर्तुगीजातून आला असे मानतात, तर काही गुजराती-मराठीतील ‘टाके’ या शब्दाशी जोडतात. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगड व रतनगड येथील कातळात खोदलेली टाकी पाहिली, की दुसरे मत सहज झटकून टाकवत नाही.

युद्धातील अर्थ तुलनेने नवा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने हे चिलखती वाहन बनवताना गुप्ततेसाठी त्याला पाण्याची टाकी म्हटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ते प्रथम उतरले आणि टोपणनावच कायम झाले. अहिल्यानगरकरांना हा अर्थ घरचा : लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल येथेच आहे आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालयही. तेथे भारतीय बनावटीचा ‘विजयंता’ आवर्जून पाहावा. पारनेर, पाथर्डी, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांत मात्र उन्हाळ्यात याच शब्दापासून झालेला ‘टँकर’ अधिक कानी पडतो.