डोईवरचा पटका आणि दुपारची सावली



हिंगोली जिल्ह्यातले आपले गोरेगाव घ्या, की शेजारचे कोणतेही गाव घ्या. हळदीची काढणी आली की ऊन तापू लागते. कंद खणायचे, शिजवायचे, उघड्यावर वाळत घालायचे. म्हणजे वर सूर्य आणि पुढ्यात भट्टी. अशा उन्हात राबणाऱ्या माणसाने जीव कसा सांभाळला, हे बखरीत सापडत नाही. ते त्याच्या अंगावरच्या कापडात सापडते.

जुनी माणसे मुंडासे किंवा पटका बांधीत. तो काही नुसता मानासाठी नव्हे. घड्यांत हवा राही, म्हणून चटका टाळूपर्यंत पोचत नसे. घामाने भिजला की तो गार लागे, आणि मागे सोडलेला सोगा मान झाकी. पुढे गांधी टोपी आली, मग डोकी उघडी पडली, आणि आता रुमाल नाहीतर दस्ती गुंडाळतात. बाया पदराबरोबर साडीवर घरधन्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा चढवतात. कोणी हसेल, पण त्यात मोठे शहाणपण आहे.

परंतु कापड हे अर्धेच संरक्षण झाले. उरलेले अर्धे वेळेत होते. पहाटे औत जुंपायचे, ऊन चढले की सोडायचे, लिंबाखाली भाकर-कांदा आणि ताक घ्यायचे, उन्हे कलली की पुन्हा उठायचे. बैलाला विसावा लागे, म्हणून माणसालाही तो मिळे!

रोजंदारीत आणि गुत्त्यात हा विसावा हरवला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांवर गेली. तिथे काम मोजून दाम मिळे. दुपारी जो टेकला, त्याची मजुरी बुडाली. डोईवर पदर होता, पटका होता. बसायला सवड नव्हती.

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. २००५ च्या देशाच्या रोजगार हमी कायद्यात कामावर पिण्याचे पाणी, विसाव्याला आणि लेकरांना सावली, अन् औषधाची पेटी हवी असे लिहिले गेले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातही असाच नियम झाला. तिथले बहुतेक शेतमजूर मूळचे मेक्सिकोकडचे. तेही टोपी, रुमाल आणि लांब बाह्या वापरीत. तरीही उन्हाने माणसे दगावली. तेव्हा मालकाने पाणी आणि सावली द्यावी, असे सरकारला सांगावे लागले.

तेव्हा मंडळी, गुत्ते ठरवताना पैशांबरोबर दुपारची सुटीही ठरवा. पाण्याचा हंडा बांधावर नको, माणसांजवळ ठेवा. कोणी उन्हात बरळू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि तातडीने दवाखाना गाठा. पटका ज्याचा त्याने बांधावा. सावलीची तजवीज मात्र काम देणाऱ्यानेच केली पाहिजे.