अंगठा, उचल आणि करार

लोहाऱ्याच्या श्रोत्यांपुढे युरोपातील करारविधीची कथा कशासाठी मांडावी, असे कोणी विचारील. तिथला वाद विद्वानांचा, भाषा परकी, आणि आपल्याकडचे निम्मे व्यवहार तर अजून तोंडी होतात. या शंकेला उत्तर म्हणून आम्ही एकच कलम पुढे ठेवतो. १८०४ साली, नेपोलियनच्या अमदानीत, फ्रान्सची दिवाणी संहिता तयार झाली. तिच्या १७८१ व्या कलमात असे ठरवून टाकले होते की, नोकराची मजुरी किती ठरली, सरल्या वर्षाची मजुरी चुकती केली की नाही, आणि चालू वर्षात उचल किती दिली, यांविषयी तंटा उभा राहिल्यास मालकाचा शब्द खरा धरावा. नागरिक सारे समान, असा डंका पिटणाऱ्या संहितेतले हे कलम १८६८ पर्यंत टिकले. उचल म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा हा विषय परका राहत नाही.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कायद्याचा पाया असा : दोन मोकळी माणसे राजीखुशीने जे ठरवतील तोच त्यांच्यापुरता कायदा, न्यायाधीशाने त्यात हात घालू नये. जन्माने आणि जातीने जखडलेल्या माणसाला ही कल्पना मुक्तिदायक वाटली, आणि ती तशी होतीही. सर हेन्री मेन यांनी १८६१ च्या आपल्या ग्रंथात समाजाची वाटचाल जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होते असे प्रतिपादिले, आणि पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे विधिमंत्री म्हणून कलकत्त्यास आले. त्यांच्यामागून आलेल्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकिर्दीत १८७२ चा करार कायदा संमत झाला. संमती मोकळी असावी, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. जबरदस्ती, गैरवाजवी दाब, फसवणूक, खोटे कथन आणि चूक ही संमतीला बाध आणणारी कारणेही दिली आहेत. त्या यादीत भूक नाही.

हा कायदा येण्यापूर्वीच जमीन भुसभुशीत झाली होती. व्याजावरील सरकारी बंधने १८५५ साली उठली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरचा दावा तीन वर्षांत लावणे भाग पडले. हेतू असा की, जुनी कर्जे उकरून कुळाला छळू नये. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार खत नवे करून घेई, थकलेले व्याज मुद्दलात जाई, आणि कुणबी पुन्हा अंगठा उठवी. कोर्टापुढे खत आले की प्रश्न एकच : अंगठा तुझा का? होय म्हटले की निकाल झाला. मूळ पैसे किती घेतले होते हे विचारण्याचे कारण कोर्टाला उरत नसे, कारण कागदावर दोन मोकळी माणसे होती.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, याचा स्फोट झाला, आणि पाहता पाहता दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. सुप्यास लूट झाली, जाळपोळही झाली. तथापि सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाला सर्वत्र एकच गोष्ट आढळली : लोकांना खते हवी होती, ती हाती घेऊन जाळायची होती. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. अडाणी म्हणून हिणवलेल्या या शेतकऱ्यांनी नेमकी ती वस्तू ओळखली, जिच्यामुळे कोर्टाला बाकीचे काही दिसेनासे होत होते. आमच्या मते करारविधीवरची ही त्या शतकातील सर्वांत जळजळीत टीका होय, आणि ती कोणत्याही विद्यापीठात झाली नाही.

१८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा आला. खतावरचा आकडा बाजूला सारून व्यवहार सुरू झाल्यापासूनचा हिशेब कोर्टाने तपासावा, व्याज मुद्दलात मिळवू नये, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, अशी त्यातील कलमे होती. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सोलापूरपर्यंत आलेला हा कायदा आमच्या लोहाऱ्यास मात्र आला नाही. हा मुलूख १८५३ ते १८६० एवढा काळ इंग्रजांकडे राहून पुन्हा निजामाकडे गेला होता. सरहद्दीपलीकडच्या कुणब्याला कोर्ट मूळ हिशेब विचारी. अलीकडच्याला तो आधार नव्हता.

शेतकऱ्याची ही गत, तर मजुराची याहून वाईट. १८५९ च्याच एका कायद्याप्रमाणे, उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागीर वा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येई. काम कर किंवा पैसे फेड असा हुकूम होई, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर तो दिवाणी दाव्याचा विषय. मजुराने मोडला तर तुरुंग! इंग्लंडात ही विषमता १८७५ साली, म्हणजे सुप्याच्या दंग्याच्याच वर्षी, काढून टाकण्यात आली. आमच्याकडे तो कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडले.

दरम्यान करारविधीने संघटनेवरही घाव घातला होता. १९२० मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या तंट्यात बी. पी. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांवर मालकांनी दावा लावला. आरोप असा की, यांनी कामगारांना करार मोडण्यास चिथावले. मद्रास हायकोर्टाने मनाईहुकूम दिला. म्हणजे संप करा असे म्हणणारा प्रत्येक जण दाव्यास पात्र! १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी यांनी कामगार संघांच्या संरक्षणाचा ठराव मांडला आणि १९२६ मध्ये तसा कायदा झाला. (पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत तो विलीन करण्यात आला.) याच जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत तयार झालेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ साली आमच्या तालुक्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेवर आले. तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. स्वातंत्र्यलढ्यातले स्वामीजी सर्वांना ठाऊक आहेत; युनियनच्या कामातले खेडगीकर फारसे कोणी आठवत नाही.

युरोपातही पंडित गप्प नव्हते. जर्मनीच्या दिवाणी संहितेचा पहिला मसुदा १८८८ साली निघताच ओटो फॉन गिर्के यांनी त्यावर टीकेची झोड उठवली, आणि १८९० मध्ये अँटोन मेंगर यांनी दाखवून दिले की, गरीब आणि श्रीमंत यांना एकच नियम लावल्याने विषमता वाढते. संहिता १९०० साली अमलात आली ती थोडीशीच मवाळ होऊन. १९९३ मध्ये ग्राहकांवर लादलेल्या अन्यायी अटींविरुद्ध युरोपीय निर्देश निघाला. मग साऱ्या युरोपला एकच करारविधी हवा की प्रत्येक देशाची परंपरा राखावी, याचा मोठा खल झाला. त्यात सामाजिक न्यायाचे स्थान कोणते, हा प्रश्न काही प्राध्यापकांनी २००४ साली जाहीरनामा काढून विचारला. फ्रान्सने २०१६ साली संहिता सुधारली तेव्हा, दुसऱ्याच्या परावलंबी स्थितीचा गैरफायदा घेऊन करून घेतलेला करार हीसुद्धा बळजबरीच, असे लिहून ठेवले.

याबाबतीत आपण मागे नव्हतो. १८९९ साली आपल्या करार कायद्यात गैरवाजवी दाबाची व्याख्या रुंदावली गेली. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, उपासमारीपोटी किमान वेतनाहून कमी मोबदल्यात केलेले काम हे सक्तीचे श्रम ठरवले. फ्रान्सच्या त्या सुधारणेला तेव्हा चौतीस वर्षे अवकाश होता.

आणि तरीही दसरा-दिवाळीला आमच्या भागातून ऊसतोडीला निघणारा कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेऊनच निघतो. किती उचलले, किती फिटले, याचा आकडा बहुधा मुकादमाच्या वहीत असतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या १५ व्या कलमाने पुराव्याचे ओझे फिरवले आहे : मजुराने हे कर्ज वेठीचे आहे असे म्हटले, तर ते तसे नाही हे धनकोने सिद्ध करायचे. फ्रान्सच्या १७८१ व्या कलमाच्या हे अगदी उलट. पण त्यासाठी मजुराने आधी तसे म्हणावे लागते, आणि पुढच्या हंगामाची उचल त्याच मुकादमाकडून घ्यायची असते. म्हणून सभांतून आम्ही दुसरी वही मागतो, कोयत्याजवळ राहणारी, दर फेडीची नोंद असलेली. मागणी काही नवी नाही. १८७९ च्या कायद्याने कुळाला सावकाराकडून पावती आणि हिशेबाचे पासबुक मागण्याचा हक्क दिलेलाच होता.