फडातली झोळी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा अर्वाचीन इतिहास लिहायचा म्हटला की लेखणी आपोआप पाण्याकडे वळते. १८७६-७७चा दुष्काळ, भाटघरचे धरण, १८८५ साली वाहू लागलेला नीरा डावा कालवा, कालव्याच्या काठी सासवडहून उतरलेले माळी बागायतदार, १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वसलेले वालचंदनगर आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने, असा हा क्रम ठरून गेलेला आहे. डोनाल्ड ॲटवुड यांनी माळेगाव केंद्रस्थानी ठेवून लिहिलेला ‘रेझिंग केन’ (१९९२) हा ग्रंथही ऊस, जमीन आणि सत्ता यांचाच शोध घेतो. हा इतिहास खोटा नाही. मात्र त्यात तान्हे मूल कुठेच दिसत नाही.

ही उणीव माझ्या ध्यानात आली ती वर्गात. लोकसाहित्याच्या तासाला ‘पाळणा’ हा रचनाप्रकार शिकवत होते. रामजन्माचे, कृष्णजन्माचे, शिवजन्माचे पाळणे सांगून झाल्यावर मुलांना म्हटले, आपापल्या घरातल्या पाळण्याविषयी चार ओळी लिहा. एका विद्यार्थिनीने दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यांच्याकडे पाळणा नव्हता, लुगड्याची झोळी होती. ती बाभळीला बांधलेली असे आणि हलवायचे काम तिचे होते. तेव्हा तिचे वय सात वर्षांचे होते. तिचे आईवडील ऊसतोडणीला आमच्या भागात येत. पाळणागीताला घर गृहीत असते, घराला आढे असते आणि पाळण्याशी बसायला कोणीतरी मोकळे असते, हे त्या दोन ओळींनी मला शिकवले.

आई कामावर असताना मूल कोणाजवळ असते? हा एकच प्रश्न हाती धरून या प्रदेशाच्या इतिहासाकडे पाहिले, तर काय दिसते?

कालव्यापूर्वीचा, आणि सुप्याच्या बाजूला पुढेही बराच काळ टिकलेला, जिरायत मुलूख पाहा. शेतीचे काम पावसाच्या मागे धावणारे. पेरणी, खुरपणी, सुगी संपली की हात रिकामे. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना खोलीत, पुढे मूल आजीच्या किंवा जावेच्या ओटीत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बाळे फार दगावत, आणि गरिबाघरची सून सव्वा महिना संपायची वाट न पाहता रानात जाई. हेमा रायरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुढाकार घेऊन जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत लेकराची माया जागोजाग आहे, तशीच सासुरवाशिणीच्या शिणाची नोंदही आहे. तरीही एक गोष्ट खरी होती. काम आणि मूल यांच्यात फारसे अंतर नव्हते. जाते घरातच होते आणि मूल मांडीशी.

कालव्याने हे गणित बदलले. ऊस हे बारा ते अठरा महिन्यांचे पीक. लागण, खुरपणी, बांधणी, पाणी देणे, तोडणी अशी कामे एकामागोमाग येत राहिली. बागायतीत वर्षभर मजुरी मिळू लागली. आणि साखर कारखाना आल्यावर या कामाला घड्याळ लागले. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटते, त्यामुळे तो लवकरात लवकर गव्हाणीत पडावा लागतो. गाडी येईल तेव्हा मोळ्या वाहायच्या, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. तान्ह्या मुलाची भूकही अशीच वेळकाळ न पाहणारी असते. या दोन वेळापत्रकांच्या मध्ये आई उभी राहिली.

असा पेच मुंबईने याआधी पाहिलेला होता. कापड गिरण्यांत जाणाऱ्या बाया मागे ठेवलेले मूल झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देत. १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत याची नोंद झाली आणि त्यावर चर्चा झाली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. पुढे १९४८च्या कारखाना कायद्यातील कलम ४८ने पन्नासहून अधिक स्त्रिया जेथे काम करत, तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक केले; १९७६च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. मूल हा केवळ आईचा खाजगी प्रश्न नसून कामाच्या रचनेचा भाग आहे, हे कायद्याने अशा रीतीने मान्य केले.

पण साखर कारखान्याच्या बाबतीत हा कायदा फाटकापाशीच थांबला. कारखान्याच्या आत स्त्रिया तुरळक. हजारोंच्या संख्येने त्या होत्या बाहेर, उसाच्या फडात. त्या कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हत्या. त्यांचा व्यवहार मुकादमाशी, आणि मुकादमाचा व्यवहार त्यांच्या नवऱ्याशी. १९७२च्या दुष्काळानंतर बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या भागांतून येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घ्यायची, गाडीबैलासह किंवा ट्रकमधून यायचे, कोप्या घालायच्या आणि उन्हाळा लागताना परतायचे, असा सहा महिन्यांचा संसार सुरू झाला.

या संसाराची भाषा भाषेच्या अभ्यासकांनी लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. येथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, मजुरी टनावर मिळते आणि चुकलेल्या दिवसाचा खाडा कोयत्याच्या नावावर पडतो. अवजाराचे नाव माणसाला देणारी ही लक्षणा वर्गात शिकवायला सोयीची आहे. पण तिचा हिशेबी अर्थ अधिक कठोर आहे. बायको आजारी पडली, बाळंत झाली, मुलाला ताप आला म्हणून कोपीत थांबली, तर अख्खा कोयता मोडतो. मुलाला या हिशेबात अपूर्णांकाचीही जागा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले, तेव्हा या खाड्याची भीती हेही त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले.

रोजच्या अडचणी कोणत्या? पहाटे अंधारात चूल पेटवून भाकरी थापायच्या, तेव्हा मूल कोठे ठेवायचे, कारण कोपी पाचटाची आणि चूल दोन हातांवर. पौषातल्या थंडीत झोळीला ऊब कशी द्यायची. उसाच्या पानाच्या धारेने आईचे हात कापलेले असतात, अंगावर कूस असते, त्या हातांनी अंगावर कसे पाजायचे. धुवायला पाणी लांब. फडाच्या कडेला ठेवलेल्या मुलाजवळ साप-विंचू आणि उसाने भरलेल्या गाडीची चाके. दुपड्यात गुंडाळलेले मूल गाडीखाली सावलीला निजवलेले असते आणि गाडी हलवण्यापूर्वी खाली वाकून पाहणे हा टोळीचा अलिखित नियम असतो. बाळाची गुटी, टाळू भरणे, न्हाऊमाखू घालणे यांचे शास्त्र बायांना ठाऊक असते. त्यासाठी लागणारा पाऊण तास मात्र त्यांच्याजवळ नसतो.

म्हणून तो पाऊण तास दुसऱ्या कोणाकडून घेतला जातो. थोरली बहीण कडेवर मूल घेते, आणि तिची शाळा सुटते.

हे अटळ आहे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच फार पूर्वी दिले गेले होते. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत उभ्या राहिल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तेथली. १९५७ साली कोसबाडला गेल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. त्यामागचा विचार साधा होता. धाकटे भावंड शेजारच्या खोलीत सुरक्षित असेल, तरच थोरली मुलगी वर्गात बसू शकेल. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही त्यांनीच चालवली.

१९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. पण अंगणवाडी गावच्या यादीशी बांधली गेली. बीडच्या वाडीवर नाव असलेले मूल सहा महिने इंदापूरच्या फडावर असे. तिकडे त्याचा आहार मांडलेला आणि इकडे त्याचे नाव नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, अलीकडे स्थलांतरित माता-बालकांच्या नोंदी एका जागेहून दुसरीकडे पाठवण्याचे प्रयत्नही झाले. यांचे मोल आहेच. तरी साखरशाळेत येणारी मुलगी कडेवर मूल घेऊनच आली, तर ती धड शिकत नाही आणि मूलही धड सांभाळले जात नाही. कोसबाडने जोडलेला दुवा येथे सुटला होता.

आमच्या भागातल्या महाविद्यालयांत गावांचे इतिहास लिहिण्याचे प्रकल्प दरवर्षी होतात. त्यांत देवळे असतात, वाडे असतात, कारखान्याच्या स्थापनेची हकीकत असते. त्यात एक प्रश्न वाढवायला हरकत नसावी: तुमच्या आईला, आजीला विचारा, तुम्ही कामावर होता तेव्हा लेकरू कोणाजवळ होते. उत्तरे बागायतदाराच्या घरातून वेगळी येतील, गड्याच्या घरातून वेगळी, कोपीतून वेगळी. ती टिपून ठेवली तर कालव्याच्या इतिहासाला आज नसलेले एक प्रकरण मिळेल.

त्या विद्यार्थिनीला मी नंतर विचारले, झोळी हलवताना काही म्हणायचीस का? ती म्हणाली, “म्हणायचे ना. पाढे.” शाळेतून उठून यायच्या आधी ती चौदापर्यंत पोचली होती, पुढचे विसरू नये म्हणून तेवढेच पुन्हा पुन्हा म्हणत असे.